कण्याशेजारची सावली

डॉक्टर नीळकंठराव ठोसर यांना मी प्रथम पाहिले ते अकोल्यात, डॉक्टरमंडळींच्या एका सभेत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते आणि दुसरे महायुद्ध चालू होते. मी नागपूरहून एल. एम. पी. ही डॉक्टरकीची पदविका घेऊन आले होते. अकोल्यात आईबरोबर राहत होते आणि बाळंतपणे करीत होते. बाईडॉक्टरने आणखी काही करावे, अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. सभेत मी अगदी मागच्या बाकावर बसले होते.

डॉक्टरसाहेब अमरावतीहून आले होते. विलायतेत छातीच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन आलेला हा माणूस मुंबईला न राहता तिथल्या अंबागेट वेशीच्या आत लहानसे इस्पितळ काढून बसला आहे, एवढे मी ऐकले होते. त्यांनी एक एक्स-रे प्लेट खिडकीच्या काचेवर धरली. बडनेऱ्याच्या रेल्वेतील एका फिटरची ती प्लेट होती. पाठीच्या कण्याला लागून एक गोल, गुळगुळीत कडेची सावली दिसत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हा क्षय नव्हे. ही मज्जातंतूंच्या पेशींतून उगवलेली गाठ आहे. मोठ्या माणसात अशी गाठ पुष्कळदा जिवावर उठणारी नसते. पण जागा करीत करीत वाढते आणि मग उठते. ही काढता येते. छाती उघडून काढता येते."

मग अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि चहा आल्याचे सांगितले. मंडळी उठली. डॉक्टरसाहेब प्लेट हातात धरून खिडकीशी तसेच उभे राहिले. मी चहाला न जाता त्यांच्याकडे गेले आणि विचारले, "छाती उघडली की फुप्फुस मिटते ना? मग रोगी श्वास कसा घेतो?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "श्वासनळीत नळी घालायची आणि पिशवी हाताने दाबत राहायचे. रोग्याचा श्वास भूल देणाऱ्याच्या मुठीत असतो. मला असे माणूस मिळत नाही." मग म्हणाले, "तुम्ही शिकाल?"

आमच्या परिचयाची सुरुवात ही अशी झाली. त्या सभेनंतर अकोल्याहून बडनेरा आणि बडनेऱ्याहून अमरावती ही वाट माझ्या पायाखालची झाली. डॉक्टरसाहेबांनी मला विलायतेहून आणलेली रबरी नळी हाताळायला शिकवले. लहानसहान शस्त्रक्रियांत माझा हात बसवून घेतला. ते कधी रागावले नाहीत आणि कधी शाबासकीही दिली नाही. चूक झाली की म्हणत, "पुन्हा करा." बरोबर झाले की काहीच म्हणत नसत. त्यांच्या गप्प राहण्याला मी शाबासकी समजू लागले.

बडनेऱ्याच्या त्या फिटरचे नाव इंगळे. त्यांची पाठ दुखे, आणि आता एका पायाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. गाठीचे एक टोक मणक्याच्या छिद्रातून आत शिरले असावे, अशी शंका डॉक्टरसाहेबांनी बोलून दाखवली होती. इंगळ्यांच्या म्हाताऱ्या आईला समोर बसवून त्यांनी सांगितले होते, "न कापले तर मुलाचे पाय जातील. कापले तर जीवही जाऊ शकतो." इंगळे स्वतःच म्हणाले, "पाय गेल्यावर रेल्वे मले काय करन? कापा साहेब."

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघत आली होती. पण मणक्यात शिरलेले टोक सोडवताना रक्त वाहू लागले आणि ते थांबले नाही. मी पिशवी दाबत होते, दाबतच राहिले. शेवटी डॉक्टरसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या, कमलताई."

त्या दिवशी त्यांनी निरोप्या पाठवला नाही. ते स्वतः बडनेऱ्याला गेले, मीही बरोबर होते. रेल्वेच्या चाळीत इंगळ्यांची आई ओट्यावर बसली होती. डॉक्टरसाहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आई, तुमचा मुलगा माझ्या हाताखाली गेला. रक्त थांबवता आले नाही."

तिने विचारले, "तो काई बोलला काय?"

"नाही. तो भुलीत होता. त्याला काही कळले नाही."

"म्हन्जे माह्यासाठी काई बोललाच नाई," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढे ती म्हातारी हयात होती तोवर ते अधूनमधून तिच्याकडे जात. ती त्यांच्याशी कधीही बोलली नाही. ते ओट्याच्या कडेला थोडे बसत, सुनेला मुलांची प्रकृती विचारत आणि परत येत. "ती बोलत नाही, मग कशाला जाता?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिने बोलावे म्हणून मी जात नाही."

गावाने मात्र बोलायचे ते बोलून घेतले. 'ठोसर डॉक्टर छाती उघडतात, मिटतो देव,' असे बाजारात म्हटले जाऊ लागले. रोगी कमी झाले, व्यवसायबंधू रस्त्यात भेटले तरी घाईत असत. इस्पितळातल्या खाटा रिकाम्या पडल्या. पत्नी लग्नानंतर लवकरच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. इस्पितळाच्या माडीवर दोन खोल्यांत ते राहत. मी गेले की बहुधा ते प्लेटा उजेडाकडे धरून बसलेले दिसत. "कोणाशी बोलायचे हे?" ते एकदा म्हणाले. "नागपूरला असे काम करणारा कोणी नाही. मुंबईला पत्र टाकावे तर उत्तर येईपर्यंत रोगी थांबत नाही. विलायतेत लढाई चालू. माझ्या शंकाही माझ्याच आणि उत्तरेही माझीच. हे बरे नव्हे, कमलताई. माणसाला त्याची चूक दाखवणारे कोणीतरी जवळ हवे."

मला शस्त्रक्रियेतले फारसे कळत नव्हते. मी फक्त बसून राही.

अशा दिवसांत सुभद्राबाई माझ्याकडे आल्या. बार्शीटाकळीच्या माळ्याच्या घरची ही सून. भाजी, झेंडू, शेवंती काढून अकोल्याच्या बाजारात आणणाऱ्या घरची. डावा हात काखेपासून करंगळीपर्यंत दुखे. कोण्या डॉक्टरने प्लेट काढली, फुप्फुसाच्या शेंड्याशी सावली दिसली, आणि 'क्षय' हा शब्द घरात शिरला. सासूने त्यांना मळ्यातल्या खोपडीत, गवताच्या झोपडीत, नेऊन ठेवले. भाकरी फडक्यात बांधून बांधावर ठेवली जाई. नवरा महादू अकोल्याला त्यांच्याबरोबर आला होता, पण माझ्या दाराबाहेरच उभा राहिला.

"खोकला येतो?" मी विचारले.

"नाई बाई. ताप बी नाई. मले काईच नाई, फक्त हात दुखते. तरी मले खय झाला म्हन्तात." मग खाली पाहत त्या म्हणाल्या, "पोरगी बांधावरूनच पायते. आधी आई म्हून हाका मारे. आता नुसती पायते."

मी थुंकी तपासून घेतली, पुन्हा पुन्हा घेतली. क्षयाचे जंतू सापडले नाहीत. प्लेट घेऊन मी सुभद्राबाईंना आणि महादूला अमरावतीला नेले.

डॉक्टरसाहेबांनी प्लेट पाहण्याआधी सुभद्राबाईंचा चेहरा पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. डावी पापणी किंचित उतरलेली होती. डाव्या डोळ्यातली बाहुली उजव्यापेक्षा लहान होती. मी ते पाहिले होते, पण माझ्या मनात त्याची सांगड बसली नव्हती. डॉक्टरसाहेबांनी विचारले, "बाई, उन्हात निंदण करताना घाम येतो ना? तोंडाला सगळीकडे येतो?"

सुभद्राबाई चमकल्या. "तुमाले कोनं सांगतलं? या अंगाले येतच नाई. अर्धं तोंड वलं, अर्धं कोल्लं. सासू म्हन्ते का कोनाची नजर लागली."

"नजर नाही लागली. मानेतून छातीत उतरणारी एक नस आहे. घाम, पापणी, डोळ्याची बाहुली, सगळे तिच्या हाती असते. तुमच्या छातीत त्या नसेवर गाठ आली आहे."

मग त्यांनी बाजूने दुसरी प्लेट काढवली. सावली फुप्फुसात नव्हती, त्याच्या मागे, कण्याला चिकटून होती. वरच्या दोन फासळ्या तिने हळूहळू दूर लोटल्या होत्या. क्षय फासळ्या अशा अलगद बाजूला सारीत नाही, असे त्यांनी मला दाखवून दिले. रक्तवाहिनीचा फुगवटा असेल का, म्हणून एक्स-रेच्या पडद्यामागे उभे करून पाहिले. सावली नाडीबरोबर हलत नव्हती.

ही शेवटची तपासणी त्यांनी कधी टाळली नाही. आधीच्याच वर्षी एका सरकी-व्यापाऱ्याची प्लेट घेऊन लोक आले होते. गाठ आहे, काढा, असा आग्रह होता, आणि इस्पितळ तर रिकामेच होते. डॉक्टरसाहेबांनी पडद्यावर पाहिले, तर सावली ठोक्यागणिक फुगत होती. ती हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, फुगलेली होती. सुरी लावली असती तर माणूस टेबलावरून उठला नसता. त्यांनी नाही म्हटले. व्यापारी रागावून गेला आणि 'ठोसर आता भ्याले' असे सांगत फिरला. त्यावर डॉक्टरसाहेबांनी कोणाला एक शब्दही सांगितला नाही, कारण रोग्याचा आजार ही त्याची खासगी गोष्ट, असे ते मानीत.

सुभद्राबाईंना त्यांनी सारे सांगितले. इंगळ्यांचेही सांगितले. महादू घाबरला. "राहू द्या साहेब. खोपडीत का होईना, जित्ती तं हाये."

सुभद्राबाई त्याच्याकडे वळल्या. "तुमी राह्यले काय खोपडीत? मले तिथं जित्ती राहाचं नाई." आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, "कापा. नाई उठली तं पोरीले सांगजा का मायले खय नोता."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेब जेवले नाहीत, हे मला स्वयंपाक्याने सांगितले. सकाळी मात्र त्यांचे हात नेहमीसारखे स्थिर होते. मी नळी घातली, पिशवी हातात घेतली. सुभद्राबाईंना उजव्या कुशीवर वळवले होते. फासळीचा एक तुकडा काढून छाती उघडली. फुप्फुस मिटले, मी पिशवी दाबली, ते पुन्हा फुलले. सहायकाने ते हलकेच पुढे दाबून धरले आणि मागे, कण्याच्या कडेला, ती गाठ दिसली. कवठाएवढी, पिवळसर पांढरी, वरून चकचकीत पातळ आवरण.

डॉक्टरसाहेबांनी आधी बोट मणक्याच्या छिद्राशी नेले. ते बोट तिथे थांबले आणि मी पिशवी दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. आत शेपूट गेले असेल तर इथेच इंगळ्यांचे सारे पुन्हा घडणार होते.

"आत गेलेली नाही," ते म्हणाले.

मग आवरण चिरून गाठ हळूहळू सुटी केली. एकेक बारीक रक्तवाहिनी बांधली. ज्या नसेवर ती उगवली होती ती नस वाचणार नव्हती, ती त्यांनी तोडली. गाठ ताटलीत ठेवल्यावरही त्यांनी घाई केली नाही. जागा पुन्हा पुन्हा कोरडी करून पाहिली. रक्त येत नव्हते. फुप्फुस मी पुरते फुलवले, त्यांनी छाती शिवली. हात धुताना ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. पाणी किती तरी वेळ वाहत होते. मी बाहेर गेले.

गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवला होता. मज्जातंतूंच्या पेशींचीच गाठ, पसरणारी नव्हे, असे उत्तर आले. सुभद्राबाईंचा हात दुखायचा थांबला. पापणी उतरलेलीच राहिली, अर्धा चेहरा कोरडाच राहिला. तसे होईल हे डॉक्टरसाहेबांनी आधीच सांगितले होते. तुकडा कापून उरलेली गाठ त्यांनी स्पिरिटच्या बरणीत घालून ठेवली.

इथे गोष्ट संपावी, पण संपली नाही. काही दिवसांनी महादू अकोल्याला माझ्याकडे आला आणि मान खाली घालून उभा राहिला. सासूने सुनेला घरात घेतले नव्हते. पापणी तशीच आहे, म्हणजे दुखणे तसेच आहे, असे तिचे म्हणणे. सुभद्राबाई पुन्हा खोपडीत होत्या.

मी अमरावतीला कळवले. डॉक्टरसाहेब बाजाराचा दिवस पाहून बार्शीटाकळीला आले. हातात पिशवी होती; मीही बरोबर होते. महादूच्या अंगणात खाट टाकलेली होती, तिच्यावर न बसता ते उंबऱ्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "सुभद्राबाईंना बोलवा. मला त्यांच्या हातची भाकरी हवी."

सुभद्राबाई आल्या. अंगणातच तीन दगडांची चूल मांडून त्यांनी भाकरी थापली, वर ठेचा दिला. बाजाराला निघालेली माणसे कुडापाशी थांबली. डॉक्टरसाहेब जेवले, सुभद्राबाईंच्याच तांब्यातले पाणी प्याले. मग सासूला म्हणाले, "क्षय असता तर मी असा जेवलो असतो का?"

म्हातारी वाकायला तयार नव्हती. "तुमी डागदर. तुमाले काय होते? तुमच्यापाशी दवाई हाये. माह्या नातीले झालं तं?"

डॉक्टरसाहेबांनी पिशवीतून ती बरणी काढून म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. "आजी, ही ती गाठ. हिच्या पाठीच्या कण्याशी होती. आता ती इथे आहे, आणि तिथे काही नाही. ही खोकल्यातून कोणाला जात नाही, ताटातून जात नाही."

माणसे पुढे सरकली. म्हातारी मात्र उकिडवी बसून बरणीकडे पाहत राहिली. बोटाने काच चाचपली.

"एवढी?" ती म्हणाली. "एवढी हिच्या छातीत?"

"हो."

म्हातारीने सुनेकडे पाहिले. "दुखत असंन वं लय."

सुभद्राबाई रडू लागल्या. इतक्या महिन्यांत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. म्हातारी उठली, तव्यावरची भाकरी स्वतः उचलून घेतली, मोडली आणि तिथेच चुलीपाशी बसून खाऊ लागली. आतून पोरगी आली आणि आजीच्या आडून आईकडे पाहू लागली. आजी तिला म्हणाली, "जाय. काहून उभी राह्यली? माय हाये तुही."

निघताना सुभद्राबाईंनी पदराने हात पुसत विचारले, "साहेब, तुमच्या घरी कोन हाये?"

"कोणी नाही."

"मंग जेवाले कोन वाढते?"

"स्वयंपाकी झाकून ठेवून जातो."

सुभद्राबाईंनी शेवंतीची फुले फडक्यात बांधून दिली. परतीच्या मोटारीत डॉक्टरसाहेबांनी ती अकोल्यापर्यंत मांडीवर धरली होती.

पुढे रोगी आले. बुलढाण्याहून, यवतमाळहून, वऱ्हाडाबाहेरूनही आले. अशा आणखी कितीतरी गाठी त्यांनी काढल्या. काही रोगी गेलेही, आणि प्रत्येकाच्या घरी डॉक्टरसाहेब स्वतः गेले. तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला राहिले, शिकले आणि मुंबई-पुण्याला गेले. त्यांना ते कधी अडवीत नसत. "इथे एकटे पडाल," असे उलट स्वतःच सांगत. उन्हाळ्यात ते चिखलदऱ्याला एकटेच जात. एकदा मी विचारले की तिथे दिवसभर करता काय, तर म्हणाले, "चालतो. तिथे मला कोणी ओळखत नाही. एकटे असण्याचा तिथे त्रास होत नाही."

आता डॉक्टरसाहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. हाताला कंप आला तेव्हा त्यांनी आपण होऊन सुरी खाली ठेवली. कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मंडळी त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी नको म्हटले होते. मंडळींनी ऐकले नाही, हे बरे झाले.

गेल्या महिन्यात मी अमरावतीला गेले होते. ते आजारातून नुकतेच उठले होते. दुपारभर आम्ही बोललो, म्हणजे बरेचसे गप्प बसलो. मी गाडीच्या वेळेला उठले, पिशवी घेतली. ते जिन्यापर्यंत आले आणि कठड्याला धरून म्हणाले, "कमलताई, आज राहता येणार नाही का?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला, किंवा माझ्या माहितीत कोणालाही, थांबा म्हटले नव्हते. मी पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी निघताना ते पुन्हा जिन्यापर्यंत आले, पण या वेळी काही म्हणाले नाहीत.

डॉक्टर नीळकंठराव ठोसरांना शंभरी पाहायला मिळो, त्यांची प्रकृती निकोप राहो, अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. पण आणखी एक मागणे आहे आणि ते देवाजवळ मागून उपयोग नाही. हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्यांतल्या कित्येकांच्या घरात डॉक्टरसाहेबांच्या हातून वाचलेले कोणी ना कोणी असेल. त्यांनी अंबागेटच्या आत जावे, माडी चढावी, आणि लवकर उठू नये.